गंधकाच्या मूलकांचे आयुष्य कोणी मोजले? इन्सुलीवरून वाहणाऱ्या वाऱ्याचा इतिहास

मुंबई-गोवा महामार्गावर सावंतवाडी मागे टाकून बांद्याकडे निघाले की इन्सुलीचा तपासणी नाका लागतो. महाराष्ट्राची हद्द येथून हाकेच्या अंतरावर संपते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेडणे महाल सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेला आणि १९६१ पर्यंत ही सीमा दोन राज्यांची नव्हे, तर दोन सत्तांची होती. अशा सीमेवर काय अडवले गेले आणि काय निसटून गेले, याच्या नोंदी इतिहासकाराला प्रिय असतात. या लेखमालेतील आजचा विषय मात्र कोणत्याही नाक्यावर न अडलेल्या एका पदार्थाचा आहे. तो म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या हवेतील गंधक.

इन्सुलीपासून वेंगुर्ले-शिरोड्याचा किनारा सरळ रेषेत सुमारे वीस किलोमीटर. पश्चिमेचा वारा ही वाट तासाभरात कापतो. त्या वाऱ्याबरोबर समुद्राने सोडलेले गंधकाचे वायूही येतात. ते इथवर पोहोचेपर्यंत तसेच राहतात, की वाटेतच त्यांचे रूप पालटते? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर मिळवायला रसायनशास्त्राला एक महायुद्ध, एक दिवा आणि सुमारे चाळीस वर्षे लागली. कारण उत्तर देण्यासाठी अशा कणांचे आयुष्य मोजावे लागत होते, जे सेकंदाच्या छोट्याशा भागात जन्मतात आणि नाहीसे होतात.

प्रथम समुद्राकडे जाऊ. १९५९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लेवास्तु या चौघांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता मुंबईजवळच्या समुद्रात खोलवर असणारा, प्राणवायू अत्यंत कमी असलेला पाण्याचा थर. हा थर ठरावीक काळात उतार चढून किनाऱ्याकडे सरकतो आणि मासळीच्या वावरावर त्याचा परिणाम होतो, असे त्यांनी दाखवले. त्यांना काळजी होती ती मासेमारीची. वातावरणाशी त्या निबंधाचा काही संबंध नव्हता. पण जिथे प्राणवायू संपतो, तिथे सूक्ष्मजीव श्वसनासाठी प्रथम नायट्रेट वापरतात आणि तेही संपले की सल्फेट. सल्फेट वापरले गेले की हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा तो परिचित वायू. आपल्या किनाऱ्याच्या गंधककथेचे पहिले सूत्र या निबंधात, लेखकांच्या हेतूबाहेर, सापडते.

त्या काळी जगभरचे भूरसायनतज्ज्ञ गंधकाचा ताळेबंद मांडत होते. नद्या जमिनीवरून समुद्रात गंधक वाहून नेतात, तेव्हा कोठून तरी ते हवेच्या वाटेने जमिनीवर परतले पाहिजे. नाहीतर हिशेब जुळत नाही. ही तूट भरून काढायला बहुतेकांनी हायड्रोजन सल्फाइडचे नाव घेतले. अडचण अशी की समुद्राचे वरचे पाणी प्राणवायूने भरलेले असते आणि त्यात हा वायू टिकत नाही. ताळेबंदात एक आकडा होता, पण त्याला वाहून नेणारा रेणू नव्हता.

तो रेणू खरे तर आधीच सापडलेला होता. १९४८ साली लीड्स येथील फ्रेडरिक चॅलेंजर यांनी सिम्पसन यांच्यासह एका तांबड्या सागरी शैवालापासून निघणाऱ्या वायूचा मूळ पदार्थ ओळखला. तो वायू होता डायमिथाइल सल्फाइड, संक्षेपाने डीएमएस. शिजणाऱ्या कोबीला जो वास येतो, त्यात याचा वाटा असतो. चॅलेंजर हे जैवरसायनाचे अभ्यासक. त्यांचे निष्कर्ष वातावरणाचा ताळेबंद मांडणाऱ्यांच्या वाचनात सहसा येत नव्हते. दोन विद्याशाखांमधील ही भिंत चोवीस वर्षे टिकली. १९७२ मध्ये जेम्स लव्हलॉक, मॅग्ज आणि रासमुसेन यांनी समुद्राच्या पाण्यात डीएमएस सर्वत्र आढळतो, असे ‘नेचर’मध्ये जाहीर केले आणि हायड्रोजन सल्फाइडचे आसन डळमळले.

यानंतरचा टप्पा अधिक प्रसिद्ध आहे. १९८७ मध्ये चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेए आणि वॉरन यांनी एक धाडसी कल्पना मांडली. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती डीएमएस सोडतात, हवेत त्याचे सल्फेटचे कण होतात, त्या कणांभोवती ढगांचे थेंब जमतात, अधिक थेंबांचे ढग अधिक उजळ होऊन सूर्यप्रकाश परतवतात आणि पृथ्वी थंड राहते. चौघांच्या आद्याक्षरांवरून या गृहीतकाला ‘क्लॉ’ हे नाव पडले. लोकप्रिय पुस्तकांतून ही गोष्ट बहुधा येथेच थांबते. परंतु ‘हवेत त्याचे सल्फेटचे कण होतात’ या चार-पाच शब्दांत सगळा वाद दडलेला आहे. किती होतात? किती वेळात? समुद्रावरच, की हजार किलोमीटर दूर गेल्यावर? याची उत्तरे जीवशास्त्राकडे नव्हती. ती प्रयोगशाळेतील घड्याळाकडे होती आणि म्हणून आता केंब्रिजला जायला हवे.

मुक्त मूलक म्हणजे असा अणुसमूह, ज्याच्यातील एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना राहिलेला असतो. असा समूह शांत बसत नाही. भेटेल त्या रेणूकडून हायड्रोजन किंवा ऑक्सिजन हिसकावतो. हवेतील बहुतेक सगळी रासायनिक उलथापालथ अशा मूलकांकरवी होते. त्यांचे अस्तित्व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मान्य झाले होते, परंतु बहुतेकांना डोळ्यांसमोर पकडणे शक्य नव्हते. दोन वायू मिसळायलाच जेवढा वेळ लागे, तेवढ्यात मूलक येऊन गेलेले असत.

जॉर्ज पोर्टर हा तरुण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात रडारचे काम करून १९४५ मध्ये केंब्रिजला रोनाल्ड नॉरिश यांच्याकडे आला. रडारचे सगळे तंत्र छोट्या स्पंदांवर चालते. एक स्पंद सोडायचा, ठरावीक काळाने परतणारा प्रतिध्वनी टिपायचा. पोर्टरने हीच रीत प्रकाशाला लावली. वायूने भरलेल्या नळीजवळ विद्युत-संधारित्रांतून प्रचंड ऊर्जा एकदम सोडून एक प्रखर लखलखाट करायचा. त्याने रेणू फुटून मूलक तयार होतात. मग अत्यल्प, पण नेमक्या ठाऊक असलेल्या अवधीनंतर दुसरा मंद लखलखाट करून नळीतून आलेल्या प्रकाशाचा वर्णपट छायाचित्राच्या काचेवर उतरवायचा. मूलकाने शोषलेल्या रेषा त्या काचेवर उमटतात. हा अवधी वाढवत नेला की रेषा फिकट होत जातात. म्हणजे मूलक किती वेगाने संपतात ते दिसते. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीसाठी नॉरिश आणि पोर्टर यांना मानफ्रेड आयगन यांच्याबरोबर १९६७ चे नोबेल मिळाले.

गंधक या पद्धतीत आरंभापासून होते. कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्यावर प्रकाश टाकला की गंधकाचे अल्पायुषी तुकडे सहज मिळत. १९५७ मध्ये नॉरिश आणि झेलेनबर्ग यांनी हायड्रोजन सल्फाइडचे ज्वलन या लखलखाटाने टप्प्याटप्प्याने टिपले. त्यांचा रोख ज्वाळा आणि स्फोट यांच्यावर होता. वातावरणाच्या रसायनात हीच माणसे आणि हीच यंत्रे उपयोगी पडणार आहेत, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. युद्धाच्या यंत्रातून ज्वलनाचे रसायन आणि ज्वलनाच्या रसायनातून आकाशाचे रसायन, असा या ज्ञानाचा वाकडा प्रवास आहे.

वळण आले ते १९७१ मध्ये. हायरम लेव्ही या शास्त्रज्ञाने दाखवले की जमिनीलगतच्या हवेतही सूर्यप्रकाश, ओझोन आणि पाण्याची वाफ यांपासून हायड्रॉक्सिल मूलक सतत बनत असला पाहिजे. त्याचे प्रमाण नगण्य, म्हणजे एका घन सेंटिमीटर हवेत जिथे सुमारे २५ अब्ज-अब्ज रेणू असतात, तिथे सरासरीने दहा लाखांच्या आसपास हायड्रॉक्सिल. तरीही हवेत सोडलेला जवळपास प्रत्येक वायू अखेर यालाच बळी पडतो. म्हणून डीएमएस किती टिकतो, या प्रश्नाचे रूपांतर असे झाले: हायड्रॉक्सिल आणि डीएमएस यांची अभिक्रिया किती वेगाने होते?

हा वेग मोजायची रीत नीट समजून घेण्याजोगी आहे. ती एकदा कळली की पुढचे वाद आपोआप उलगडतात. नळीत डीएमएस भरपूर ठेवायचा आणि हायड्रॉक्सिल अगदी थोडे निर्माण करायचे. डीएमएस इतका जास्त असतो की प्रयोगभर त्याचे प्रमाण बदलत नाही. हायड्रॉक्सिल मात्र ठरावीक दराने घटत जाते, जसे छिद्र पडलेल्या घागरीतील पाणी. त्याची घट मोजायची. मग डीएमएस दुप्पट करून पुन्हा, तिप्पट करून पुन्हा. घटीचा दर डीएमएसच्या प्रमाणाविरुद्ध आलेखावर मांडला की एक सरळ रेषा मिळते आणि त्या रेषेचा चढ म्हणजे वेग स्थिरांक. यात खुबी अशी की हायड्रॉक्सिल नेमके किती होते, हे कळण्याची गरजच पडत नाही. ते दर क्षणी किती पटीने कमी झाले एवढे पुरते. जो कण मोजता येत नाही त्याचा वेग मोजण्याची ही युक्ती आहे.

१९८१ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथील वाइन, क्रॉयटर, गम्प आणि रविशंकर यांनी हायड्रोजन सल्फाइड, डीएमएस आणि त्यांचे भाईबंद यांच्याशी हायड्रॉक्सिलचे वेग एकाच अभ्यासात काटेकोरपणे मोजून दिले. यातले ए. आर. रविशंकर हे म्हैसूर विद्यापीठाचे पदवीधर; पुढे ओझोन-संशोधनात त्यांचे नाव जगभर झाले. त्यांच्या आकड्यांवरून हिशेब केला तर उष्ण कटिबंधाच्या हवेत डीएमएसचे आयुष्य सरासरी एक ते दोन दिवसांचे निघते.

मात्र मतभेद कायम होते. मोठ्या कोठ्यांत, खऱ्या हवेसारखे मिश्रण भरून केलेल्या काही प्रयोगांत वेग बराच अधिक येत होता, तर शुद्ध, निष्क्रिय वायूत केलेल्या लखलखाटाच्या प्रयोगांत कमी. दोन्हीकडे कुशल माणसे, दोन्हीकडे नीट जोपासलेली उपकरणे. विज्ञानाच्या इतिहासात असे प्रसंग फार मोलाचे असतात, कारण येथे चूक कोणाची, हा प्रश्न सहसा निरुपयोगी ठरतो. दोन्ही बाजू खरे सांगत असतात, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल.

उलगडा १९८६ मध्ये हाइन्स, वाइन आणि सेम्स यांनी केला. लखलखाटाच्या प्रयोगांत ऑक्सिजन कटाक्षाने टाळला जाई, कारण तो हायड्रॉक्सिलची ओळख पटवणारा मंद प्रकाश विझवून टाकतो. लेसरचे अतिशय आखूड स्पंद वापरून त्यांनी ऑक्सिजन असतानाही मापन साधले. तेव्हा दिसले की हायड्रॉक्सिल डीएमएसवर दोन रीतींनी चाल करतो. एक रीत म्हणजे हायड्रोजनचा अणू हिसकावून घेणे. याला ऑक्सिजनची गरज नाही. दुसरी रीत म्हणजे थेट गंधकाच्या अणूला जाऊन चिकटणे. परंतु हे चिकटलेले जोडपे सैल असते, क्षणात सुटते, आणि सुटले की जणू काही घडलेच नव्हते. ऑक्सिजन शेजारी असेल तर मात्र तो या जोडप्याला सुटण्यापूर्वीच गाठतो आणि अभिक्रिया पक्की होते. खात्रीसाठी त्यांनी डीएमएसमधील साधा हायड्रोजन काढून त्याजागी जड हायड्रोजन घातला. हिसकावण्याची रीत मंदावली. चिकटण्याच्या रीतीवर परिणाम झाला नाही. ज्या शुद्धतेचा प्रयोगकर्त्यांना अभिमान होता, त्या शुद्धतेनेच अर्धी गोष्ट लपवली होती.

यातून तापमानाचा मुद्दा पुढे आला. थंड हवेत चिकटलेले जोडपे अधिक काळ टिकते, म्हणून तेथे दुसरी रीत वरचढ. उष्ण हवेत पहिली. सुमारे १२ अंश सेल्सियसला दोन्ही समसमान होतात. कोकणच्या हवेत पारा त्याच्या आसपासही क्वचितच येतो. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर डीएमएसचा मोठा वाटा हायड्रोजन गमावण्याच्या वाटेने जातो. ही गोष्ट पुढे कळीची ठरणार आहे.

पुढचे पाऊल म्हणजे तुटलेल्या तुकड्यांचा माग. डीएमएसपासून अनेकदा मिथाइलथायो नावाचा मूलक निघतो: एक मिथाइल गट, एक गंधक, आणि तो एकाकी इलेक्ट्रॉन. १९८९ मध्ये टिंडल आणि रविशंकर यांनी ओझोन व नायट्रोजन डायऑक्साइड यांच्याशी त्याचे वेग मोजले. दोन्ही अभिक्रिया त्वरित होतात. हवेचा पाचवा हिस्सा असलेल्या ऑक्सिजनशी मात्र त्याची अभिक्रिया कोणाला दिसत नव्हती. १९९२ मध्ये टर्निपसीड, बॅरोन आणि रविशंकर यांनी नळी खूप थंड करून दाखवले की तो ऑक्सिजनला चिकटतो खरा, पण पुन्हा सुटतोही. येणे आणि जाणे एकमेकांना तोलून धरतात. उबदार नळीत हे नाते दिसण्याआधीच मोडत असे.

या सगळ्या स्थिरांकांचा सामान्य माणसाशी संबंध काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून येथे कारखान्यांच्या गंधकाकडे थोडे वळू. १९७० च्या दशकात मुंबईचे चेंबूर हे तेलशुद्धीकरण आणि खतनिर्मितीच्या धुरासाठी कुप्रसिद्ध होते. वृत्तपत्रांतून त्याला ‘गॅस चेंबर’ म्हटले जाई. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि सहकारी यांनी शहराच्या वेगवेगळ्या वस्त्यांतील रहिवाशांचे आजार आणि हवेतील प्रदूषके यांची सांगड घालणारे निष्कर्ष १९८० पासून प्रसिद्ध केले. सल्फर डायऑक्साइड त्यात ठळक होता. त्याच काळात स्कँडिनेव्हियाच्या तळ्यांवर पडणाऱ्या आम्लवर्षेवरून युरोपात, आणि ओहायोच्या धुरावरून अमेरिकेत, भांडण पेटले होते. धुराड्याच्या धन्यांचा एक युक्तिवाद असा होता: हवेत हायड्रॉक्सिल मर्यादित आहे, सल्फर डायऑक्साइडचे आम्ल व्हायला तेच लागते, मग धूर निम्मा केला तरी आम्ल निम्मे होईल कशावरून?

युक्तिवाद पोकळ नव्हता. सल्फर डायऑक्साइडला हायड्रॉक्सिल चिकटला की एचओएसओटू हा गंधकाचा मूलक बनतो. तो तसाच संपत असेल, तर हायड्रॉक्सिल खर्ची पडला आणि धुराड्यांचे म्हणणे काही अंशी खरे. तो ऑक्सिजनला आपला हायड्रोजन देत असेल, तर एक नवा मूलक बाहेर पडतो, त्यापासून हायड्रॉक्सिल पुन्हा तयार होतो आणि खर्च भरून निघतो. १९८३ मध्ये स्टॉकवेल आणि कॅल्व्हर्ट यांनी, आणि १९८४ मध्ये मार्गिटन यांनी, दुसरी शक्यता खरी असल्याचे प्रयोगाने दाखवले. वायुरूप हवेपुरता तरी हायड्रॉक्सिलच्या तुटवड्याचा आधार गेला. एका क्षणभंगुर मूलकाच्या वर्तनावर कायद्याच्या वादातील एक बाजू उभी होती, ही गोष्ट पर्यावरणाच्या राजकीय इतिहासांतून क्वचितच येते. ती अधिक यायला हवी.

या अभिक्रियेचा वेग डीएमएसच्या मानाने संथ आहे. केवळ हायड्रॉक्सिलवर सोपवले तर सल्फर डायऑक्साइड आठवडाभर किंवा त्याहून अधिक टिकेल. म्हणूनच एका देशाचा धूर दुसऱ्या देशाच्या तळ्यात उतरू शकला. ढग आणि ओले पृष्ठभाग त्याला बरेच आधी पकडतात, ते वेगळे.

आता पुन्हा कोकणात. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावल येथे आहे, इन्सुलीपासून फार दूर नाही. १९९० च्या दशकात भारताने आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत अरबी समुद्राचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला आणि या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यात डीएमएसचीही मापने केली. २००० साली सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि नंतर, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरात, तळालगतच्या पाण्यातील प्राणवायू पूर्ण संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड साठतो. १९५९ च्या निबंधातील तो सरकणारा थर येथे पुन्हा भेटतो, पण अधिक उग्र रूपात.

मग हा वायू किनाऱ्यावर का पसरत नाही? याचे उत्तर कोकणच्या पावसात आहे. गड, कर्ली, तेरेखोल यांसारख्या नद्या आणि समुद्रावर थेट कोसळणारा पाऊस मिळून गोड्या, हलक्या पाण्याचा पातळ थर वर पसरतो. तो झाकणासारखा बसतो आणि खालचे सल्फाइडयुक्त पाणी वर येऊ देत नाही. डीएमएसची कथा वेगळी आहे. कांदोळी येथील नियमित निरीक्षण-स्थानकावर दामोदर शेणॉय आणि सहकाऱ्यांना २००९ च्या अशाच निष्प्राण पाण्यात डीएमएसचे असाधारण मोठे प्रमाण आढळले. प्राणवायू संपलेला समुद्र हा केवळ सल्फाइडचा नव्हे, तर डीएमएसचाही साठा ठरू शकतो, हे या नोंदीचे महत्त्व.

आता प्रयोगशाळेतील स्थिरांक हाती घेऊन इन्सुलीचा हिशेब मांडता येतो. हे गणित आहे, नाक्यावरचे मापन नव्हे. वारा सेकंदाला पाच मीटर धरला तर वीस किलोमीटरला सदुसष्ट मिनिटे लागतात. भर दुपारी, हायड्रॉक्सिल सर्वांत जास्त असताना, एवढ्या वेळात शंभरातील जेमतेम दहा डीएमएस रेणू कामी येतील. उरलेले नव्वद नाका ओलांडून सह्याद्रीकडे निघतात.

रात्री गणित पालटते. हायड्रॉक्सिल सूर्याबरोबर मावळतो, पण त्याची जागा नायट्रेट मूलक घेतो. तो दिवसा प्रकाशाने मोडतो, म्हणून अंधारातच टिकतो. १९८० च्या आसपास तो हवेत प्रत्यक्ष ओळखला गेला आणि १९८४ मध्ये अ‍ॅटकिन्सन यांच्या गटाने डीएमएसशी त्याचा वेग मोजला. हवेच्या एक लाख कोटी रेणूंत नायट्रेट मूलक अवघे दहा असले तरी डीएमएसचे आयुष्य तासाभरावर येते, म्हणजे किनाऱ्यापासून इन्सुलीपर्यंतच्या प्रवासाएवढेच. आणि हा नायट्रेट मूलक बनतो कशापासून? इंजिनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून. मौज अशी की मालमोटारींच्या रांगेच्या अगदी निकट तो टिकत नाही, कारण ताज्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड त्याला तत्काळ मारतो. रस्त्यापासून थोडे दूर, धूर जरा शिळा झाल्यावर, तो उभा राहतो.

सर्वांत ताजा अध्याय २०१९ चा आहे. हायड्रोजन गमावलेला डीएमएस ऑक्सिजन पकडून एक नवा मूलक बनतो. पूर्वी समज असा की तो नायट्रिक ऑक्साइडशी किंवा दुसऱ्या मूलकाशी भिडतो आणि त्यातून अखेर मिथाइलथायो निघतो. टॉर्स्टन बेर्न्ट यांच्या गटाने लाइपझिग येथे दाखवले की तो कोणाचीही वाट न पाहता स्वतःच्याच अंगातील एक हायड्रोजन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवतो. त्यांनी मोजलेला वेग २२ अंशांच्या सुमारास सेकंदाला ०.२३ इतका, म्हणजे चार-पाच सेकंदांत एकदा. यातून अखेर एचपीएमटीएफ नावाचा एक संपूर्ण नवा रेणू निघतो. पाठोपाठ २०२० मध्ये व्हेरेस आणि सहकाऱ्यांनी नासाच्या विमानांनी महासागरांवर गोळा केलेल्या मापनांत तो प्रत्यक्ष दाखवला आणि समुद्राने सोडलेल्या डीएमएसपैकी सुमारे ३० टक्के या वाटेने जातो, असा अंदाज दिला. सत्तर वर्षे अभ्यासलेल्या रेणूच्या कुंडलीत एवढे मोठे घर रिकामे राहिले होते.

दोन वाटांपैकी कोणती जिंकेल, हे नायट्रिक ऑक्साइड ठरवतो. हवेच्या शंभर कोटी रेणूंमागे त्याचा साधारण एक रेणू असला की दोन्ही वेग बरोबरीत येतात. उघड्या अरबी समुद्रावर तो याच्या शतांशानेही नसतो, म्हणून तेथे एचपीएमटीएफची वाट मोकळी. महामार्गाच्या कडेला तो कितीतरी पट अधिक असतो, म्हणून तेथे जुनीच, मिथाइलथायोची वाट चालू राहते. शिरोड्याच्या समुद्रातून एकाच लाटेने निघालेले दोन रेणू, एक पाण्यावरच रूप पालटणारा आणि दुसरा इन्सुलीच्या चढावर, वेगवेगळ्या पदार्थांत संपतात. आणि आपली हवा उष्ण असल्याने हायड्रोजन गमावण्याची वाट येथे प्रबळ. म्हणून हा दुभंग उत्तरेच्या थंड समुद्रांपेक्षा आपल्याकडे अधिक अर्थपूर्ण.

‘क्लॉ’ गृहीतकाचे काय झाले? २०११ मध्ये क्विन आणि बेट्स यांनी ढगांच्या बीजकणांचे इतर अनेक स्रोत दाखवून त्याच्या मूळ स्वरूपाला जवळजवळ निरोप दिला. परंतु डीएमएसचे महत्त्व त्यामुळे संपले नाही; उलट एका वेगळ्याच कारणाने वाढले. १ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून भारतात भारत स्टेज सहाचे इंधन आले आणि डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर उतरले. माणसाचे गंधक घटले की हवेतील उरलेल्या सल्फेटमध्ये समुद्राचा वाटा वाढतो आणि त्याचे वेग चुकले तर ढगांचा हिशेबही चुकतो.

त्यात ढगांनी स्वतः एक भर घातली आहे. २०२१ मध्ये नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की एचपीएमटीएफ ढगांच्या थेंबांत वेगाने विरघळून जातो. त्यामुळे त्यापासून सल्फर डायऑक्साइड आणि ढगांची नवी बीजे तयार होण्याचे प्रमाण घटते. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र आणि कोकण यांच्यावर ढगांचे खालचे थर सहसा हटत नाहीत. या महिन्यांत वेंगुर्ल्यासमोर निघालेल्या गंधकाचा बराचसा भाग बहुधा जमीन दिसण्याआधीच कोणत्या तरी थेंबात शिरलेला असतो आणि इन्सुलीला तो पोहोचतो, तो पावसातून.